मार्थाबाईंची नजर

गेल्या महिन्यात मार्थाबाई गेल्या. त्यांच्या मुलीचा ईमेल आला तेव्हा तन्वी शाळेत होती, सुरेश प्लँटवर, आणि मी कणीक मळता मळता पिठाच्या हातानेच कॉम्प्युटरसमोर बसले होते. चारच ओळी होत्या. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही, तुम्हाला कळवावंसं वाटलं... मी हात धुतले, सगळ्या पोळ्या केल्या, गॅस बंद केला आणि मग रडले.

सौदीत यान्बूला कंपनीच्या कंपाउंडमध्ये तीन वर्षं त्या आमच्या शेजारी होत्या. नवरा वॉल्टर रिफायनरीत इंजिनिअर, आणि या साठीच्या, उंच, पांढरे आखूड केस. मला वाटलं, शिक्षिका असणार. निघाल्या राजकारणी! त्यांच्या स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं ते १९७१ साली, हे मला त्यांच्याकडूनच कळलं आणि विश्वासच बसेना. माझ्या आजीने त्याच्या कितीतरी आधी शिक्का मारला होता. "आमच्या डोंगरात तर पुरुषांनी आम्हाला आणखी वीसेक वर्षं ताटकळत ठेवलं," मार्थाबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे वर्षातून एकदा सगळे लोक चौकात जमतात आणि हात वर करून कौल देतात. त्या पहिल्यांदा उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या तेव्हा सख्खा भाऊ पाठ फिरवून घरी गेला. त्या हरल्या. दुसऱ्यांदाही हरल्या. तिसऱ्यांदा निवडून आल्या आणि पुढे त्या खोऱ्याच्या सभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. तिथे म्हणे हात एकेक करून मोजत नाहीत, अध्यक्ष उंचावर उभा राहून नजरेनेच अंदाज घेतो. "वर गेलेले हात कुणालाही दिसतात," माझ्याकडे भाकरी थापायला शिकताना त्या म्हणाल्या. "मला खाली राहिलेले दिसायचे. कोणाचे, तेसुद्धा."

अशी बाई नवऱ्याच्या शेवटच्या नोकरीपायी सगळं सोडून इथे आली, जिथे बाईला गाडी चालवायलासुद्धा कायद्याने बंदी. मी एकदा यावरून चिडवलं, तर म्हणाल्या, "तो इतकी वर्षं माझ्या सभांना आला. आता माझी पाळी."

त्यांच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. सकाळी दहाच्या सुमाराला तन्वीला दम्याचा झटका आला. पंपाने काही होईना, ओठ निळे पडायला लागले. पुरुष सगळे प्लँटवर. मी तिला उचलून शेजारी धावले. मार्थाबाईंनी वॉल्टरच्या गाडीची किल्ली घेतली, आम्हाला मागे बसवलं आणि कंपाउंडच्या फाटकापर्यंत गाडी आणली. पुढे खलास! पहारेकरी हात जोडून गाडीसमोर उभा राहिला, "मॅडम, मेरी नौकरी जाएगी." आयुष्यभर घाटातून गाडी चालवलेली बाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली, आणि मागे माझी पोर श्वासासाठी तडफडत होती. कुणीतरी ड्रायव्हर शोधून आणेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. तन्वी वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात.

मग मार्थाबाई कामाला लागल्या. दिवसा फाटकापाशी एक गाडी आणि एक ड्रायव्हर कायम हवा, एवढीच मागणी. घरोघरी फिरून त्यांनी बायकांना कंपाउंडच्या हॉलमध्ये जमवलं, नवऱ्यांसकट. सुरेशचे साहेब अध्यक्ष होते. "खर्च कंपनीने का करायचा?" म्हणाले. "बाजूने असतील त्यांची नावं मला वर कळवावी लागतील." मग हसून म्हणाले, "मार्थामॅडम, हात तुम्हीच बघा. तुम्हाला सवय आहे."

सुरेश माझ्या कानाशी पुटपुटला, "पुढच्या महिन्यात इथे राहायचा इकामा रिन्यू व्हायचाय. गप्प बस."

आणि मी गप्प बसले. माझ्याच मुलीसाठी मांडलेली मागणी, आणि माझे दोन्ही हात ओढणीखाली. मार्थाबाई समोर उभ्या होत्या. त्यांची नजर डावीकडून निघाली, सावकाश रांगेरांगेतून आली, माझ्यावरून गेली... थांबली नाही. मागणी फेटाळली गेली. चांगल्या आठ-दहा मतांनी फेटाळली गेली, माझ्या एका हाताने काही फरक पडला नसता, हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ऐकूही येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या आल्या. तन्वीला गोष्ट वाचून दाखवली, भाकरी थापली, ती नेहमीसारखी फाटली. मी वाट बघत होते. विचारतील, भांडतील, निदान एक टोमणा तरी मारतील. परत जाईपर्यंतच्या वर्षभरात त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. मीही काढला नाही. फोनवर, ईमेलमध्ये कितीदा ओठांवर आलं, आणि मी हवापाणी विचारून मोकळी झाले. आता माफी मागायची तरी कोणाकडे?

"आपला नाइलाज होता," सुरेश अजूनही म्हणतो. खरंच होता. पण चार माणसांत बसले की ती नजर अजून डावीकडून निघते, रांगेरांगेतून पुढे सरकते, आणि माझी पाळी जवळ आली की माझे हात आपोआप ओढणीखाली जातात.

मागच्या गुरुवारी हॉलमध्ये पुन्हा सभा झाली. विषय तोच, फाटकापाशी गाडी. मध्यंतरी कुणा बड्या अधिकाऱ्याच्या बायकोची अडचण झाली म्हणून कंपनीनेच प्रस्ताव आणला होता. साहेबांनी सगळ्यांच्या आधी स्वतःचा हात वर केला. सुरेशने केला. मी केला. सगळा हॉल हात वर करून बसला होता. साहेबांनी मान वरही न करता कागदावर 'मंजूर' लिहिलं आणि चहा मागवला. लोक उठले, खुर्च्या सरकल्या. सुरेशने माझ्या दंडाला हात लावला, "अगं, झालं. हात खाली घे आता."