‘समजलं का?’ विचारायची बंदी

आज गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी एका मित्राच्या कागदावर सही करायला नकार दिला.

आज पटले मॅडमना वारून एक वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. मॅडम आमच्या राइस मिलच्या ट्रेनिंग हेड होत्या. कामठ्याहून स्कूटीने यायच्या. कामगारांना शिकवणारे आम्ही चौघं ट्रेनर, आणि ‘शिकवायचं कसं’ हे आम्हाला शिकवणाऱ्या त्या एकट्या.

मी बारावी नापास. काळा दाणा निवडणाऱ्या मशीनवर होतो. एकदा नोटीस बोर्डवर ‘सुचना’ लिहिलेलं होतं, मी पेन काढून ‘सूचना’ केलं. मागे मॅडम उभ्या.

मला वाटलं, गेली नोकरी.

“तुले दुसऱ्याची चूक लवकर दिसते,” त्या म्हणाल्या. “दिसल्यावर गप बसता येते का? तेवढं जमलं तं ट्रेनर होशील.”

माझं पहिलं सेशन मला अजून जसंच्या तसं आठवतं. लोडिंगवाल्यांना मशीन साफ कशी करायची ते सांगितलं. रात्रभर पाठ केलं होतं, एक शब्द चुकला नाही. शेवटी विचारलं, “समजलं का?”

सगळे एका सुरात, “हो जी.”

मागच्या खुर्चीवरून मॅडम उठल्या. समोर बसलेल्या हिरालालभाऊंना म्हणाल्या, “भाऊ, आता तुम्ही करून दाखवा.”

“मले का मालूम मॅडम, मी तं बसलो होतो.”

“मंग हो जी कायले म्हटलं?”

“पोरगा एवढा घाम गाळून राहिला. नाही कसा म्हणू त्याले?”

सगळी खोली हसली. मी सोडून.

त्या दिवशी मॅडमनी नियम केला. आमच्या मिलमध्ये कोणत्याही ट्रेनरने ‘समजलं का’ विचारायचं नाही. “आपल्याकडे हो जी म्हणजे राम राम आहे,” त्या म्हणायच्या. “तो समोरच्याचा मान आहे. त्याच्या भरवशावर मशीन चालू करू नका.”

विचारायचं तर एकच. “करून दाखवा.”

दर गुरुवारी सकाळी त्यांचा आमच्यासाठी वर्ग असायचा. आम्ही एकमेकांना शिकवायचं, बाकीच्यांनी चुका सांगायच्या. एकदा त्यांनी मला पोत्याचं तोंड शिवायला शिकवायला लावलं, स्वतःच्या तोंडातून एक शब्द न काढता. मी इतका वैतागलो की सुई बोटात घुसली.

“काऊन, बोलल्याशिवाय हात चालत नाही का तुझा?”

अशा होत्या. गोड अजिबात नव्हत्या.

त्या गेल्या आणि कंपनीने त्यांचा गुरुवार एका लिंकमध्ये भरून टाकला.

आता ट्रेनर व्हायचं असेल तर मोबाइलवर व्हिडिओ पाहायचा. कोणीतरी सूट घातलेला माणूस एसी हॉलमध्ये बोलत असतो. शेवटी एक बटण येतं, ‘मला समजले आहे’. ते दाबल्याशिवाय सर्टिफिकेट निघत नाही.

सगळे दाबतात. आधीचा ट्रेनर असून मीपण दाबलं.

मी एचआरच्या साहेबांना तीनदा विनंती केली की गुरुवारचा वर्ग परत सुरू करा, मी घेतो. ते म्हणाले, “वो मॅडम का टाइम था. अब सिस्टम है. और तू क्या पढ़ाएगा ट्रेनर लोगों को, तेरे पास डिग्री है क्या?”

नाही. नाही माझ्याकडे.

आज योगेशची पाळी होती. नवीन ट्रेनर, माझा मित्र, चांगला पोरगा. सोमवारपासून तो नवीन कामगारांना एलिव्हेटरवर शिकवणार. धान वर नेणारा पट्टा असतो तो. धान अडकलं की आधी स्विच बंद, मग झाकण, मग हात. एवढंच शिकवायचं आहे. पण क्रम चुकला तर हात जातो.

सर्टिफिकेट असलं तरी एका जुन्या ट्रेनरची सही लागतेच; त्याचं सेशन पाहून ‘तयार आहे’ अशी सही मला करायची होती.

योगेश झकास बोलला. दोन जोक मारले. शेवटी म्हणाला, “समजलं का?”

“हो जी.”

मी चिचगडकडून आलेल्या एका नवीन माणसाला म्हटलं, “दादा, धान अडकलं. करून दाखवा.” तो उठला आणि सरळ झाकणाला हात घातला. स्विचकडे पाहिलंसुद्धा नाही.

मशीन बंद होती म्हणून बरं.

योगेशला बाजूला घेतलं. म्हटलं, “अजून आठ दिवस माझ्यासोबत प्रॅक्टिस कर, मग सही करतो.”

“तू मॅडम होऊन राहिला का बे?”

“नाही रे.”

“मंग सही कर ना. व्हिडिओ पाहिला मी पूर्ण. माझी पोस्ट अडकवून राहिला तू.”

मी सही केली नाही. तो दुपारी माझ्यासोबत जेवला नाही.

संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला, उद्या नऊ वाजता केबिनमध्ये ये. तेव्हापासून मी काय बोलायचं ते लिहून राहिलो आहे, खोडून राहिलो आहे. र्‍हस्व-दीर्घ सगळं बरोबर आहे. पण त्यांच्यासमोर वाचू शकेन का, माहीत नाही.

आज ग्रुपवर सगळ्यांनी तुमचा फोटो टाकला, मॅडम. हात जोडलेले इमोजी आहेत. साहेबांचेपण आहेत.

मला राग येऊन राहिला आहे. त्यांचा आणि थोडा तुमचापण.

समोरच्याला कसं शिकवायचं ते तुम्ही शिकवलं. वरच्याला नाही कसं म्हणायचं, ते राहून गेलं. तेव्हा तुम्ही होता, म्हणून कधी गरज पडली नाही.

उद्या नऊ वाजता जातो. सही करणार नाही.

नमस्कार, मॅडम.