वडगाव रासाईचा फोनो

यजमान गेले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात पुण्याचा एक व्यापारी दौंडला आमच्या दारात उभा राहिला. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. यजमान रेल्वेत फिटर होते, आणि सुटीच्या दिवशी घरी ग्रामोफोन दुरुस्त करायचे. पंधरा वर्षं मी शेजारी बसून स्क्रू पुसले, स्प्रिंगला ग्रीस लावलं. यातलं मला कळतं, हे व्यापाऱ्याला ठाऊक होतं. कर्ण्याच्या जुन्या ग्रामोफोनला शहरात गिऱ्हाईक मिळू लागलं होतं आणि तसे नकली जोडून विकणारेही निघाले होते. खरा कुठला आणि जोडलेला कुठला, एवढंच मी सांगायचं. मी हो म्हटलं. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होते. कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं, तरी पदर खोचून निघाले असते.

त्याच्या जीपमधून आम्ही वडगाव रासाईला गेलो. तिथे दोघा भावांचे वडील नुकतेच वारले होते. त्यांचा कर्ण्याचा ग्रामोफोन, गावाच्या भाषेत फोनो, थोरल्याच्या घरात होता आणि तो आता विकायचा होता. ओट्यावर शेजारीपाजारी जमले. मी तबकडी काढून वरची फळी उचलली. पेटी जुन्या सागवानाची, कर्ण्याचा सांधाही जुना. पण आतलं मशीन हलकं, हातात धरून न्यायच्या छोट्या ग्रामोफोनचं. फळीला चार भोकं रिकामी होती आणि त्यांच्याशेजारी चार दुसरी पाडलेली. नकली जोडणाऱ्यांची हीच तऱ्हा. मी सांगितलं, पेटी खरी, कर्णा खरा, मशीन मात्र बदललेलं आहे.

व्यापारी चपला घालू लागला. धाकटा थोरल्याकडे वळला.

"दादा, आतलं कवा इकलंस?"

"आबांनी ठिवलं तसंच हाय. मी उघडलंबी न्हाई," थोरला म्हणाला.

धाकटा हसला. त्याचं बघून आणखी दोघं हसले. दुरुस्तीतही मशीन बदलतात, हे मला चांगलं माहीत होतं. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. काही वाटलंच नाही. मी स्क्रू आवळले, हात पुसले आणि परतीच्या वाटेवर जीपमध्ये शेंगा खाल्ल्या.

पुढे उन्हाळ्यात रेल्वेचं क्वार्टर सोडायची वेळ आली. सामान आवरताना कॉटखालची पत्र्याची ट्रंक उपसली. तळाशी तेलकट फडक्यात एक जड मशीन होतं आणि त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. यजमानांचं अक्षर. वर त्या दोघा भावांच्या वडिलांचं नाव, गाव आणि खाली, "लग्नघाई होती म्हणून तात्पुरतं दुसरं बसवून दिलं. स्प्रिंग मिळाली की हे परत." स्प्रिंग मिळाली नसावी. म्हाताऱ्यानं घरात सांगितलं नसावं. मी तेव्हा माहेरी गेलेली असणार. आणि मी त्याच कॉटवर झोपत होते.

दुसऱ्या दिवशी मशीन पिशवीत घालून एसटीनं गेले. थोरला आता मळ्यात राहत होता. त्या दिवसापासून भावांचं बोलणं तुटलं होतं. थोरल्याच्या मुलीचं लग्न झालं, त्यालाही धाकटा आला नव्हता. मी चूक कबूल केली. मशीन फळीला लावून दाखवलं, चिठ्ठी हातात दिली. त्यानं ती दोनदा वाचली. मी म्हटलं, आत्ताच चला, तुमच्या भावाला मी स्वतः सांगते.

"नगं ताई," तो म्हणाला. "चिठ्ठी बघून म्हनंल तो, की दादा खरा हाय. पन मी तोंडानं सांगितलं तवा त्याला खरं वाटलं न्हाई. त्याला आता काय करू?"

त्याच्या बायकोनं चहा आणला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं बशी माझ्याकडे सरकवली. मला लाज वाटली. यजमान गेल्यापासून काही वाटण्याची ती पहिलीच वेळ.