तोंड उघडं ठेव

समस्त विद्वज्जनांस, इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस आणि त्यांच्यासाठी सतरंज्या अंथरणाऱ्या सर्व शिपायांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, नंदुरबार मुक्कामी एका हायस्कुलाच्या सभागृहात, गावच्या प्रतिष्ठित मंडळींच्या साक्षीने, एक जीभ पाहणीसाठी बाहेर काढण्यात आली. पाहणी सर्वांना खुली होती. जीभ माझी होती.

अशा घोषणेनंतर तुतारी वाजायला हवी. आमच्याकडे शिंका वाजल्या. मिरचीचा हंगाम होता. त्या दिवसांत नंदुरबारच्या कुठल्याही सभेत पहिलं भाषण शिंकांचंच असतं आणि त्याला टाळ्याही मिळतात.

व्यासपीठावर एक टेबल. टेबलावर कोळशाच्या लेपाची वाटी, एक बारीक ब्रश, पाण्याचा तांब्या, पितळी तस्त, दाढीचा आरसा आणि बॅटरी. टेबलाशेजारी स्टूल. स्टुलावर मी. धुतलेला सदरा, मित्राचा कोट, तेल लावून बसवलेले केस. समोर वकील, डॉक्टर, मास्तर, पोस्टमास्तर, मिरचीचे आडते आणि अध्यक्षस्थानी तापीकाठचे एक मोठे बागायतदार पाटील. अगदी मागे दाराजवळ, जमिनीवर, माझा बाप.

माझे प्रोफेसर पुढे आले. माझ्या जिभेवर त्यांनी ब्रशने लेप फिरवला. म्हणाले, "टॉक म्हण."

मी म्हटलं, "टॉक."

"आता तोंड उघडं ठेव. मिटू नकोस. गिळू नकोस. खूण पुसली जाईल."

इंग्रजीत टॉक म्हणजे बोल. तेवढं बोललो आणि माझं बोलणं बंद झालं.

ह्या कारागिरीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल दाताचा वैद्य आला होता. लाकडी कोळशाची वस्त्रगाळ पूड मधात कालवायची. ती जिभेवर लावायची. मग माणसाने शब्द उच्चारायचा. जीभ टाळूला जिथे टेकेल तिथे काळी खूण उमटते. तोंडात आरसा धरायचा, उजेड टाकायचा आणि ती खूण कागदावर काढून घ्यायची. गोरा माणूस हा उच्चार कुठे जीभ टेकवून करतो आणि आपण कुठे, ते त्यावरून समजतं. प्रोफेसर हे विलायतेत शिकून आले होते. शास्त्र खरं आहे. त्यात काही खोट नाही. खोट कशात होती, तेच सांगायला बसलोय.

मी नवापूरकडच्या डोंगरातला. घरात आमची मावची बोली बोलायची, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करायची, मिशनच्या शाळेत इंग्रजीसाठी छड्या खायच्या. छड्या लागू पडल्या. बी.ए.ला इंग्रजीत वर्गात पहिला आलो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा तो हिवाळा. मला एम.ए.चा प्रबंध लिहायचा होता आणि त्यासाठी एकच शिष्यवृत्ती होती. ती मिळणं न मिळणं प्रोफेसरांच्या शिफारशीवर होतं. ती मिळाली तर मी संशोधक. नाही मिळाली तर बापाच्या मागे भाताच्या चिखलात, इंग्रजी कवितेसकट.

पण मी शिफारशीसाठी त्यांच्या मागे होतो असं कुणी समजू नका. माझं त्यांच्यावर प्रेम होतं. दर रविवारी ते मला घरी बोलवायचे. स्वतःच्या अभ्यासिकेत, स्वतःच्या खुर्चीत बसवायचे. म्हणायचे, "भाषेच्या अभ्यासकाने पहिल्यांदा स्वतःचं तोंड अभ्यासावं." मी तोंड उघडायचो. कोळसा, मध, आरसा, कागद. इंग्रजी भाषेची चव कुणी विचारली तर मी आजही छातीठोक सांगेन. कोळसा आणि मध.

वर्गात आम्ही बरेच जण होतो. बाकीच्यांची तोंडं त्यांनी कधी उघडली नाहीत. मला ह्याचाही अभिमान वाटायचा. मला वाटे, गुरूने शिष्य निवडला. असा मी हुशार. वर्गात पहिला.

तोंडाबरोबर मी त्यांना आणखी एक गोष्ट दिली. माझा निबंध. जुन्या इंग्रजी लोकगीतांमध्ये एक ओळ पुन्हा पुन्हा येते. पुस्तकांत लिहिलेलं असायचं की ती ऐकणाऱ्यांना गोड लागते म्हणून येते. मला ते पटेना. आमच्याकडे भाताची निंदणी चालते तेव्हा बायका ओळीने वाकलेल्या असतात. पहिली बाई एक ओळ टाकते, बाकीच्या तीच ओळ उचलून परत देतात, आणि तेवढ्या वेळात पहिली पुढची ओळ रचते. जागच्या जागी, कंबर सरळ न करता. मी लिहिलं की इंग्रजी गीतातली ती ओळसुद्धा कुणीतरी असंच, पुढचं सुचेपर्यंत, इतरांच्या तोंडी ठेवलेली असणार. ती शोभेची नाही. ती सवड आहे. आणि गाणारा एकटा नव्हता, ह्याचा तो पुरावा आहे.

प्रोफेसरांनी निबंध वाचला. चष्मा काढला.

"हे कुठे वाचलंस?"

"कुठेच नाही, सर."

"कुठेच छापलेलं नाही?"

"नाही, सर."

मला ती शाबासकी वाटली. आता कळतं, शेतात चुकार जनावर शिरलं की माणूस ते आपल्या दावणीला बांधण्याआधी मालक कोण ते विचारून घेतो. तशी ती चौकशी होती.

ते म्हणाले, "आपण नाताळच्या सुटीत तुझ्या मुलखात जाऊ. नंदुरबारला सभा ठरवतो. तिथे हा निबंध तू वाच. कागद माझ्याकडे राहू देत, भाषा जरा साफ करून ठेवतो."

मी घरी जाऊन बापाला सांगितलं. बाप तेव्हा बैलांना पेंढा टाकत होता.

"बा, मी नंदुरबारला मोठ्या लोकांपुढे वाचणार."

"काय वाचणार?"

"आपल्या निंदणीच्या गाण्यांवर."

"त्यात वाचायचं काय? ती सगळ्यांना येतात."

"त्या लोकांना येत नाहीत."

"मग गाऊन दाखव. वाचून काय कळणार त्यांना?"

पण आला. डोक्याला नवं फडकं बांधून, नवापूरपासून आगगाडीत उभा राहून आला. बसायला जागा होती. त्याला वाटलं, मुलाच्या मानाच्या दिवशी धोतर चुरगळू नये.

शाळेच्या दारात पाटलांनी त्याला अडवलं. पाटील मनाने वाईट नव्हते. फक्त जगात कोण कुठे बसतं हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं.

"हाऊ तुन्हा पोऱ्या शे का?" त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं.

बापाने मान हलवली. अहिराणी त्याला समजायची. मिरच्या तोडायला यायचा ना इकडे.

"जंगलमा बी इंग्रजी पिकस का रे आते?" पाटील हसले. "बठ, तठे मांगे बठ."

बाप मागे बसला. मी प्रोफेसरांकडे पाहिलं. ते ब्रश धूत होते. म्हणाले, "आधी छोटंसं प्रात्यक्षिक, मग वाचन." मी स्टुलावर बसलो. स्वतःच्या पायाने चालत जाऊन बसलो, हे मुद्दाम सांगतो.

आता पुन्हा त्या उघड्या तोंडाकडे चला. ते तुमची वाट बघतंय.

प्रोफेसर सभेला म्हणाले, "मंडळी, हा डोंगरातला मुलगा. ह्याच्या जमातीत इंग्रजी शब्द पहिल्यांदाच उच्चारला जातोय. जीभ कुठे अडखळते ते प्रत्यक्ष पाहण्याची ही दुर्मीळ संधी आहे. एकेकाने पुढे यावं."

जमातीत. पहिल्यांदाच. रविवारी ह्याच तोंडाने मी त्यांना अख्ख्या कविता म्हणून दाखवल्या होत्या.

मंडळी आली. रांगेने. वकिलांनी माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली. डॉक्टरांनी ओठ बाजूला सारला. कुणाच्या बोटांना मिरचीचा तिखटपणा होता, माझे डोळे वाहायला लागले. एक मास्तर दुसऱ्याला म्हणाले, "रडतोय बघा बिचारा, भेदरलाय." पाटील बॅटरी घेऊन वाकले, बराच वेळ आत बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, आम्हले तर नुसता कोळसाच दिसस." सभागृह हसलं. खरं सांगतो, इतर कुणाचं तोंड असतं तर मीही हसलो असतो.

मी तोंड उघडंच ठेवलं. गिळलं नाही. खूण पुसली जाईल म्हणून. शास्त्राची इतकी काळजी.

रांग चालू होती आणि प्रोफेसरांनी खिशातून कागद काढले. मी अक्षर ओळखलं. माझं होतं. मला वाटलं, आता माझी पाळी. आता ते तांब्या पुढे करतील, चूळ भरू देतील, कागद हातात देतील.

त्यांनी घसा साफ केला. "ह्या डोंगराळ भागातल्या गीतांचा मी काही काळ अभ्यास करत आहे," ते वाचू लागले. "मला असं आढळलं की पुन्हा येणारी ओळ शोभेची नाही. ती सवड आहे."

एका शब्दाचाही फरक नव्हता. साफ करून ठेवतो म्हणाले होते. साफ केलं फक्त माझं नाव.

मी स्टुलावर. माझं वाक्य त्यांच्या तोंडात, आणि माझ्या तोंडात पोस्टमास्तरचं बोट. वकील मान डोलवत होते. "काय सूक्ष्म निरीक्षण आहे," असं कुणीतरी म्हणालं. "विलायतेचं पाणी." लाळ हनुवटीवरून मित्राच्या कोटावर गळत होती. काळी. आणि मी अजूनही तोंड मिटत नव्हतो. सगळ्यांत जास्त लाज मला ह्याची वाटते. त्यांनी फसवलं, ठीक. पण माझा जबडा अजून त्यांच्याच हुकमात होता. बांधलं नव्हतं, धरलं नव्हतं. फक्त सांगितलं होतं.

तेव्हा दाराजवळ हालचाल झाली. बाप उठला. चर्चमध्येसुद्धा मोठ्याने प्रार्थना न करणारा माणूस. सतरंजीवरून, चपला हातात घेऊन, खुर्च्यांमधून तो पुढे आला. व्यासपीठावर चढला नाही. खालीच उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, पोस्टमास्तरांच्या बोटाकडे पाहिलं, आणि प्रोफेसरांना उद्देशून आमच्या मावचीत एकच वाक्य मोठ्याने बोलला.

वाचन थांबलं.

"काय म्हनी ऱ्हायना हाऊ?" पाटलांनी विचारलं. कुणाला काही कळलं नाही.

प्रोफेसरांचा चेहरा मात्र उजळला. मी तो चेहरा ओळखत होतो. दर रविवारी तो माझ्या वाट्याला यायचा आणि मी त्याला माया समजत होतो. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "वा, काय स्वर आहे," ते सभेला म्हणाले. मग बापाला, हळू आणि मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं: "बाबा, पुन्हा म्हणा. सावकाश. तुमचे ओठ दिसू देत."

बाप पुन्हा म्हणाला नाही.

प्रोफेसर माझ्याकडे वळले. "काय म्हणाला तो? मला शब्दशः हवं."

मी पोस्टमास्तरांचा हात बाजूला केला. तोंड मिटलं. गिळलं. कोळसा, मध, सगळं. मग तांब्या उचलला आणि चूळ भरली. तस्तात थुंकलो, सावकाश, आवाज होऊ देत. प्रोफेसर म्हणाले, "अरे, खूण गेली." मी त्यांच्या हातातून माझे कागद काढून घेतले. ओढले नाहीत. काढून घेतले. त्यांनी दिले, कारण दुसऱ्या हातात पेन्सिल होती.

शिफारस मिळाली नाही, हे सांगायला नको. शिष्यवृत्ती वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाला गेली. प्रोफेसरांनी तो निबंध पुढे छापला. कागद माझ्याकडे होते, पण पाठांतर त्यांचं उत्तम होतं. मी नवापूरकडे मास्तर झालो. एम.ए. झालं नाही. कुणी म्हणतं, झालं गेलं, आता माफ कर. मी माफ करत नाही. मला त्याची गरज वाटत नाही आणि त्यांनी ती कधी मागितलेली नाही.

त्या स्टुलावरून उठताना जे ठरवलं ते आजही तसंच आहे. आमच्याबद्दल जे लिहायचं ते आम्ही लिहू. चुकलं तर चुकू दे. वर आमचं नाव असेल. शिकायला कुणीही यावं, भाकरी खावी, पंगतीत बसावं, गाणं ऐकावं. पण ज्याला आमचा आवाज हवा आणि आमचं म्हणणं नको, त्याने दारातूनच परत जावं. माझ्या वर्गात तपासणीला साहेब आले की मी पोरांना तोंड उघडायला सांगत नाही. प्रश्न विचारायला सांगतो. दोनदा बदली झाली त्यापायी. होऊ दे.

तर प्रोफेसर पेन्सिल धरून उभे होते. बाप खाली उभा होता, चपला हातात घेऊन. आमच्या बाजाराची रीत अशी की बैल घेणारा आधी बैलाचा जबडा उघडतो, दात बघतो, वय ठरवतो आणि मगच बोली लावतो. सदरा घातलेल्या इतक्या माणसांनी रांग लावून दुसरं काय चालवलं असेल, हे बापाने आपल्या परीने ताडलं होतं.

शब्दशः हवं होतं ना. मी सभेकडे तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"माझा बाप म्हणतो, त्याचे दात बघू नका साहेब, तो विकायला आणलेला नाही."