ओर्लन स्टेनरुडची बदली दारू

ओर्लन स्टेनरुड माझ्या दुकानात साधी डोकेदुखीची गोळी घ्यायलाही कधी आला नाही. चौतीस वर्षं त्याने मोंटानाच्या या कोपऱ्यात शेतोशेती टपाल वाटलं, आणि आज बहात्तराव्या वर्षीही गडी ठणठणीत आहे. तो यायचा तो काहीतरी तपासून घ्यायला. एका वर्षी त्याने बटाट्यांची एक सरी मुद्दाम डोळे खाली करून लावली, कारण डोळा वरच हवा असं त्याची आई सांगायची आणि ते खरं की खोटं याचा साठ वर्षांत कुणी छडा लावला नव्हता. दोन्ही सरींना सारखेच बटाटे आले. मला दोन्हींतली एकेक पाटी चाखायला मिळाली, वर चव वेगळी लागते का ते लिहून द्यायचं काम. लग्नाचं कधी विचारलं तर म्हणायचा, "ते एकदाच करून बघायचं असतं. त्याला प्रयोग कसं म्हणणार?"

या गावात औषधाचं दुकान चालवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, त्यामुळे मीही त्याला अरे-तुरेच करते. मार्चमधल्या एका दुपारी तो आला आणि माझ्या गल्ल्यावर दोन डबे ठेवून म्हणाला, "वासंती, तुझा तो जुना पितळी तराजू आहे ना मागे?"

"डब्यांत काय आहे?"

"बंदुकीची दारू."

"माझ्या औषधांच्या दुकानात? अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तू आत्ता सिगरेट ओढणार आहेस का?"

"नाही."

"शेगडी पेटवणार आहेस?"

"नाही."

"मग डोकं ठिकाणावर आहे माझं."

ओर्लनकडे त्याच्या आजोबांची बंदूक आहे. एका वेळी एकच काडतूस घेणारी, वजनाने चांगली दणकट. तिची पितळी काडतुसं तो घरीच भरतो, आणि त्यांत आजोबांच्या काळातली काळी दारूच घालतो. इथले सात-आठ म्हातारे, एक म्हातारी आणि एक दातांचा डॉक्टर मिळून उन्हाळ्यातले सहा शनिवार माळावर जमतात आणि लांबवर उभ्या केलेल्या लोखंडी कोंबड्या, डुकरं, मेंढे अशा बंदुकांनी पाडतात. आजकालची बिनधुराची दारू तिथे चालत नाही. जुन्या बंदुकीला ती सोसतही नाही. चालते ती काळी दारू, नाहीतर तिच्या जागी म्हणून बनवलेली ही बदली दारू. आमच्या तालुक्यातल्या एकुलत्या एका दुकानाने काळी दारू ठेवणं बंद केलं, तिच्यासाठी वेगळी कोठी लागते म्हणून. बदली मात्र फडताळावर ठेवता येते.

पण खरं कारण वेगळं होतं. गेले दोन उन्हाळे ओर्लनचा नेम पार बिघडला होता. चाळिसातली तीस जनावरं पाडणारा माणूस अकरावर आला होता. "शेवटचे डबे ओलसर निघाले असणार," तो म्हणाला. "बंदूक तीच, मी तोच, ड्वेनही तोच. राहिली फक्त दारू."

ड्वेन म्हणजे ड्वेन फिख्टनर, त्याचा दुर्बीण धरणारा. त्याचं नाव ऐकून माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी तराजू आणायला मागे वळले.

आम्ही तराजू काढला. एका पारड्यात काळी, दुसऱ्यात बदली. सारखं वजन करून देऊ, त्यात काय मोठं, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं. औषधं तोलण्यात जन्म गेला माझा. वजन बरोब्बर जुळवलं. काळी दारू रिकाम्या काडतुसात नीट मावली. बदली ओतायला लागलो तर काडतूस शिगोशिग भरून दारू गल्ल्यावर सांडली, आणि गोळी बसवायची बाकीच.

"थांब, दाबून बसवू," मी म्हटलं.

"दाबून बसवू म्हणे! माझं नाक गेलं तर तुझ्याकडे मिळतं का नवीन?" ओर्लनने चष्मा लावला आणि डब्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. वजनाने नाही, मापाने घ्या. बदली दारू हलकी असते, म्हणून ती तोलायची नाहीच; काळीचं जे माप असेल त्याच मापाने घ्यायची. शेरभर तांदूळ आणि शेरभर चुरमुरे यांचं वजन मी एक करायला निघाले होते. आमच्या आजीने ऐकलं असतं तर डोक्याला हात लावला असता.

ओर्लनला मात्र माझ्या फजितीची इतकी मजा वाटली की त्याने खिशातली वही काढून ती लिहून ठेवली. मग दुसऱ्या खिशातून एक छोटंसं माप काढलं. जुनं काडतूस हवं तेवढं कापून, त्याला तारेची दांडी डाग देऊन जोडलेली होती. दांडी बोटं घासून गुळगुळीत झाली होती.

"कुणी केलं हे?"

"ड्वेनने. आम्ही तेव्हा विशीत होतो." त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत खिशात टाकलं. "माप मात्र चोख करतो."

हे वाक्य त्याने जरा जपूनच उच्चारलं, कारण ड्वेनशी त्याचं दहा वर्षं बोलणं नव्हतं. दोघांची शेतं एकाच पाटावर आहेत. मंगळवारच्या पाण्याची पाळी आपली, असं ओर्लन म्हणतो. आपली, असं ड्वेन. दहा वर्षांपूर्वी जुलैतल्या एका मंगळवारी ड्वेनने पाटाची फळी उचलली आणि ओर्लनचा लसूणघास उभ्याउभ्या वाळला. जुना पाटकरी वारलेला, त्याची पाळ्यांची वही कुणाला सापडेना. तेव्हापासून मंगळवारी पहाटे जो फळीशी आधी पोचेल त्याचं पाणी. दोन म्हातारे दर आठवड्याला अंधारात जोडे शोधतात आणि गाव हसतं.

पण माळावर गोष्ट वेगळी. नेमबाजाशेजारी एकाने दुर्बिणीला डोळा लावून बसायचं आणि गोळी कुठे गेली ते घड्याळाच्या काट्यांवरून सांगायचं, अशी तिथली रीत. काळी दारू उडाली की समोर असा पांढरा पडदा उभा राहतो की मारणाऱ्याला स्वतःचा मेंढा दिसत नाही. शेजारी जे सांगेल तेच खरं. पन्नास वर्षं ओर्लनचा शेजारी ड्वेनच. भांडण झालं तरी दोघांनी जोडीदार बदलला नाही. "तीन वाजता, हातभर बाहेर." "घेतलं." "सहा वाजता, बुडाशी." "घेतलं." एवढं बोलायचं आणि आपापल्या ट्रकमध्ये बसून निघून जायचं. नवरा-बायकोत याहून कमी बोलणं मी पाहिलं आहे, पण याहून हट्टी माणसं पाहिलेली नाहीत.

आता माझी अडचण सांगते. ड्वेन दर महिन्याला माझ्याकडून डोळ्यांत घालायचे थेंब नेतो. दीड वर्षापूर्वी डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, बिलिंग्जच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन काढून घे. तो गेला नाही. मी एकदा खडसावलं तर गल्ल्यावर दोन्ही हात टेकून म्हणाला, "एकदा गेलो की गावभर होईल. क्लबवाले मला दुर्बिणीवरून उठवतील. वर्षाचे सहा शनिवार आहेत माझे, वासंती. तेवढे राहू देत."

"आणि डोळे?"

"डोळ्यांचं काय, गाय कुठली आणि कुत्रं कुठलं ते कळतं अजून."

औषधाच्या दुकानात जे कळतं ते तिथेच पुरायचं असतं. ओर्लन बिचारा दारूला दोष देत फिरत होता, आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती. रागही येत होता, दोघांचाही.

एप्रिलच्या एका रविवारी चर्च सुटल्यावर ओर्लनने मला त्याच्या शेतावर नेलं. मातीच्या बांधापुढे कागद लावला होता. आधी काळ्या दारूची पाच काडतुसं, मग बदलीची पाच. काळी उडाली तशी सडक्या अंड्यांचा वास सुटला आणि धूर आमच्याच अंगावर आला. प्रत्येक गोळीनंतर ओर्लन नळीतून फुंकर घालायचा, आतली काजळी श्वासाच्या ओलीने मऊ राहावी म्हणून. मग बदली. आवाज जरा कोरडा. वास जवळजवळ नाहीच. ओर्लन नळीचं तोंड हुंगून नाराज झाला. धूर होता, पण विरळ, आणि वाऱ्याची झुळूक आली की लगेच पातळ व्हायचा.

"अरेच्चा," तो म्हणाला. "मला दिसतंय."

"काय?"

"सगळंच. मागची माती उडालेलीसुद्धा." हे त्याने वहीत लिहिलं. मग पत्र्याच्या दोन तुकड्यांवर दोन्हींची काजळी चोळून ते कुंपणाला टांगले, कुठला आधी गंजतो ते बघायला. (दोन्ही गंजले. त्यामुळे बंदूक गरम पाण्याने धुणं काही सुटलं नाही.) कागदावर दहाच्या दहा भोकं तळहाताएवढ्या जागेत होती. काळीचीही. ओलसर ठरवलेल्या डब्यातली.

ओर्लनने तो कागद काढून उजेडात धरला. "मग दारूतही काही बिघाड नाही," तो म्हणाला. मी जोड्याला लागलेला चिखल काढत बसले.

मेपासून ऑगस्टपर्यंत पाच शनिवार गेले. ओर्लनने उरलेली काळीच वापरली. एक डबा संपल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, ही टपालखात्यातली शिस्त. नेम तसाच, अकरा, बारा, नऊ. सहाव्या शनिवारी तो बदली घेऊन आला.

माळावर गुण मी लिहिते. औषधं मोजणारी बाई आकडा चुकवणार नाही म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यामुळे दोघांच्या मागे, हातभर अंतरावर, मी उभी होते. शेवटी मेंढे. अर्धा किलोमीटर दूर, मागे पिवळ्या मातीचा चढ, आणि डावीकडून वारा.

पहिली गोळी. विरळ धूर उठला आणि वाऱ्याने पळवला. मेंढ्याच्या डावीकडे माती उडाली. मलाही माझ्या छोट्या दुर्बिणीतून स्वच्छ दिसली. लांबचं ओर्लनला अजून घारीसारखं दिसतं.

"तीन वाजता," ड्वेन म्हणाला. "हातभर बाहेर."

तीन वाजता म्हणजे उजवीकडे.

ओर्लन हलला नाही. त्याची मान मला मागून दिसत होती, उन्हाने भाजलेली. दोन उन्हाळे तो या माणसाच्या शब्दावर नेम फिरवत होता, आणि प्रत्येक वेळी मेंढ्यापासून आणखी दूर जात होता. आता हा उठतो आणि दहा वर्षांचं सगळं एकदम बाहेर काढतो, असं मला वाटलं.

"घेतलं," ओर्लन म्हणाला. त्याने नेमाचा काटा फिरवला, पण ड्वेनच्या सांगण्यावरून जो डावीकडे न्यायचा, तो उजवीकडे.

दुसरी गोळी. श्वासभर काही नाही, मग टण्ण आवाज आला. मेंढा पडला.

"कुठे लागली?" ओर्लनने विचारलं, जरी ती खांद्यात लागल्याचं त्याने पाहिलं होतं.

"मधोमध," ड्वेन म्हणाला.

"मलाही वाटलंच."

तिसरी चुकली, उंचावरून गेली. ड्वेनने "सहा वाजता" म्हटलं, म्हणजे खाली गेली. ओर्लनने "घेतलं" म्हणून नेम खाली उतरवला. चौथ्या गोळीला पुन्हा टण्ण. या वेळी ड्वेनने दुर्बिणीवरून डोळा काढला.

"खाली गेली म्हणालो मी. तू काटा आणखी खाली घेतलास. मला आवाज कळतो त्याचा."

"ऐकू आलं नाही नीट. धूर होता."

"धुराचा कानांशी काय संबंध?"

"नवीन दारू आहे. तपासतोय अजून."

शेजारच्या जोडीच्या दोन गोळ्या वाजून गेल्या. ड्वेन गवताकडे बघत होता. "किती दिवस माहितीये तुला?" त्याने हळूच विचारलं.

"चार गोळ्या."

ओर्लनने पाचवं काडतूस भरलं, आणि नेमावरून डोळा न काढता म्हणाला, "येत्या मंगळवारी मी बिलिंग्जला चाललोय. ट्रकमध्ये एक जागा आहे. डोळ्यांचं हॉस्पिटल वाटेतच लागतं."

"तुझं काय काम तिथे?"

"काही नाही."

ड्वेनने टोपी काढली, पुन्हा घातली. मग असं काही बोलला की मी लिहायची थांबले.

"मंगळवारी तर तुझं पाणी असतं."

दहा वर्षं या माणसाच्या तोंडून हे पाच शब्दांचं वाक्य काढायला पाटकरी, वकील, पाद्री सगळे थकले होते. ओर्लनचा अंगठा बंदुकीच्या घोड्यावर होता, तो तिथेच राहिला.

"जाऊ दे एक मंगळवार," तो म्हणाला. "पुढचा मेंढा बघ. कसा दिसतोय?"

"दिसत नाही रे मला."

"मग ऐक," ओर्लन म्हणाला आणि त्याने चाप ओढला.