चालता चालता बंद पडते

गॅरेजात किस्से का साठतात, सांगू? चालू गाडीवाला कधी थांबत नाही. हॉर्न मारतो, हात करतो आणि गेला! थांबतो तो बंद पडलेला. आणि बंद गाडीशेजारी माणसाला गप्प बसवत नाही. आधी गाडीचं सांगतो, मग घरचं, मग कुणापाशी न बोललेलं.

आमचं गॅरेज सोनई-घोडेगाव रस्त्यावर. आम्ही दोघं. रज्जाकभाई, म्हणजे आमचे उस्ताद, आणि मी, दत्ता मिस्त्री. पंचवीस वर्षं झाली. जुन्या डिझेल पिकअप हे आमचं खास काम, आणि त्यातली सगळ्यात वाईट तक्रार एकच: "चालता चालता बंद पडती!" सुरूच होत नसेल ती गाडी सोपी. चालता चालता बंद पडणारी फसवते. गॅरेजात आली की शहाण्यासारखी चालते.

ज्या गाड्या पहिल्या झटक्यात बऱ्या केल्या, त्यातली एकही मला आठवत नाही. चुकलेल्या सगळ्या आठवतात.

*

घोडेगावच्या बाजारात जनावरांचा व्यापार करणारे रंगनाथराव. त्यांची पिकअप वीस-पंचवीस किलोमीटर गेली की बंद. पंधरा मिनिटं थांबलं की सुरू! मी फिल्टर बदलला, पंप उतरवला, नोझल तपासले. चार वेळा गाडी परत आली.

शेवटी मी वैतागलो. म्हणालो, "रंगनाथराव, इंजिनच थकलंय. विकून टाका."

उस्ताद म्हणाले, "दत्ता, थोडं थांब." मी थांबलो नाही. रंगनाथरावांनी गाडी विकली. विकताना बॉनेटवरून हात फिरवला म्हणे, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

दोन महिन्यांनी नवा मालक तीच गाडी घेऊन माझ्याकडे! मी सहज डिझेल टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! हवा आत गेली. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजलं होतं. टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून डिझेल पुढं जात नव्हतं. दाभणानं भोक मोकळं केलं. अर्धं मिनिट लागलं. गाडी आजतागायत धावतेय.

रंगनाथराव दर बाजाराला भेटतात. पाठीवर थाप मारतात. "बरं झालं मिस्त्री, तुमचं ऐकून विकली. न्हाईतर फसलो असतो!"

मी म्हणतो, "व्हय."

*

दुसरी गाडी एका बागायतदाराची. नवरा-बायको दोघं आले. बागायतदार बोलत होते, मी त्यांच्याकडं बघून मान डोलवत होतो. मधेच वहिनी म्हणाल्या, "मिस्त्री, शेतात कॅनमधून डिझेल टाकताना नरसाळ्यावर फडकं धरलं हुतं. ते फडकं काही मला पुन्हा दिसलं न्हाई..."

"तू थांब गं," बागायतदार म्हणाले.

"थांबा वहिनी," मीही म्हणालो!

त्यानंतर तीन आठवडे मी त्या गाडीशी झटलो. पाईप बदलले, पंप बदलला. गाडी बंद पडायची, थोड्या वेळानं आपोआप सुरू व्हायची. एकदा तर वहिनींच्या सासऱ्यांना दवाखान्यात नेताना वांबोरी फाट्यावर बंद पडली. दुसऱ्याची गाडी मिळाली म्हणून बरं. त्या दिवशी मी टाकी खाली उतरवली. आत हात घातला तर ओलं काहीतरी लागलं. बाहेर ओढलं. हिरव्या साडीचा तुकडा! इंजिन डिझेल ओढायचं तेव्हा फडकं पाईपच्या तोंडाला चिकटायचं, बंद पडलं की सुटून तरंगायचं.

गाडी न्यायला दोघं आले. फडकं मी फळीवर ठेवलं होतं. बागायतदार म्हणाले, "कमाल केली मिस्त्री, शोधलं बरं का!"

वहिनींनी फडकं उचललं, पिळलं, घडी घातली. जाता जाता म्हणाल्या, "मी सांगत हुते. पन तुमी यांच्याकडं बघत हुता."

*

पोपटराव कांदेवाल्यांची गाडी खड्ड्यात आदळली की बंद. त्यांच्या गाडीचं इंजिन किल्लीवर चालू-बंद व्हायचं. ही मात्र मी लगेच पकडली, उगाच खोटं कशाला बोलू! गाडीच्या किल्लीला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा लोंबत होता, की त्याच्या वजनानं स्विच ढिला झाला होता. खड्डा आला की जुडगा उडायचा आणि इंजिन बंद!

"एवढ्या किल्ल्या? तुमी शेतकरी का जेलर?" मी हसलो. पोपटरावही हसले.

एकेक किल्ली काढायला बसलो. ही विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची. ही कांदाचाळीची. ही मोटारसायकलची. मग एक निघाली चकचकीत, जवळजवळ न वापरलेली.

"ही कशाची?"

"पुन्याची. पोरानं फ्लॅट घेतला तवा दिल्ती."

"मग ही ठेवा की, लागंल."

"न्हाई लागत. त्यानं आता नंबरचं कुलूप बसवलंय. किल्लीच न्हाई त्याला."

मी आपला स्विच खोलत होतो. सहज विचारलं, "नंबर काय मग?"

पोपटराव किल्ली बोटात फिरवत राहिले. "ते अजून न्हाई सांगितलं त्यानं."

काही प्रश्न गाडीचे नसतात. ते तोंडातून गेल्यावर कळतं.

*

उस्तादांचा कान म्हणजे आमच्या गॅरेजचं सगळ्यात महाग हत्यार. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला, मूठ कानाला. डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तीन नंबरचा नोझल." खोललं की तीन नंबरचाच!

मागच्या उन्हाळ्यात एका पिकअपचं काम झालं. उस्ताद पाठमोरे उभे राहून हात धूत होते. मी सेल्फ मारला. इंजिन सुरू झालं, अगदी एकसारखं, लोण्यासारखं. मी केबिनमध्ये खूश होऊन बसलो, म्हटलं आता उस्ताद शाबासकी देतील.

उस्ताद हात पुसत म्हणाले, "अरे दत्ता, मार की सेल्फ! कशाची वाट बघतो?"

इंजिन चालूच होतं.

मी हळूच बंद केलं. पुन्हा सेल्फ मारला आणि पाय दाबून असा रेस केला की पत्रे थरथरले. उस्ताद वळले, हसले. "हां, आता बोलली!"

त्याआधी वर्षभर मी त्यांच्यावर चिडत होतो. हाक मारली तरी लक्ष देत नाहीत म्हणून.

*

आणि आता भानुदास आण्णांची गोष्ट.

आण्णा सोनईचे. भाजीपाला भरून श्रीरामपूरच्या बाजारात न्यायचे. गाडी लई जुनी, आणि तक्रार वेगळीच: देवळाली प्रवराला पोचली की बंद पडते. जाताना नाही, येताना. सोनईत तर कधीच नाही.

आण्णांची धाकटी लेक मनानं लग्न करून देवळालीला गेली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. "तिच्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई," असं आण्णा चारचौघांत बोलले होते, तेही माहीत होतं. तिचं घर नेमकं कुठं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

मी तीनदा गाडी तपासली. काही सापडेना. गाडी दुरुस्तीला माझ्याकडं पाठवायचा आग्रहही आण्णांचा नव्हता, त्यांच्या थोरल्या मुलाचा होता. शेवटी मी म्हणालो, "आण्णा, मी बरोबरच येतो." आण्णा म्हणाले, "कशाला? पडती तर पडू दे." मी हट्टानं बसलो.

बाजार करून दुपारी परत निघालो. देवळालीत एका वळणावर लिंबाच्या झाडाखाली गाडी खॅक करून बंद! मी उडी मारून खाली. बॉनेट उघडलं, पाईप बघितले, डिझेल बघितलं. सगळं ठीक. मग केबिनमध्ये डोकावलो.

या जुन्या गाडीचं इंजिन किल्लीनं बंद होत नाही. एक दांडी हातानं ओढावी लागते. आम्ही तिला स्टॉपर म्हणतो. तो स्टॉपर पूर्ण बाहेर आलेला!

तीन महिन्यांचं कोडं सुटलं होतं. मला एवढा आनंद झाला की मी ओरडलोच, "आण्णा, बिघाड काहीच न्हाई! हा स्टॉपर ओढलाय! हातानं ओढल्याबिगर येतच न्हाई तो बाहेर!"

आण्णा टोपी काढून माझ्या पाठीमागं बघत होते. मी वळलो. समोरच्या घराच्या दारातून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. लिंबाखाली एक खुर्ची आधीच मांडलेली होती. तिनं माझं सगळं ऐकलं होतं.

तांब्या तिनं आण्णांच्या हातात दिला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "नीट बघा हो, मिस्त्री. मागच्या खेपंला तीन तास लागले हुते!"