नकाशात नसलेली आग

फौजदाराने माझा अंगठा धरला, लाल शाईत बुडवला आणि भिंतीवरच्या नकाशावर दाबला.

"हे तुमचं गाव," तो म्हणाला. "आता विसरू नकोस."

ठाण्यातले सगळे हसले. दोन शिपाई हसले, खुर्चीवर पाय पसरून बसलेला पाटील हसला. परक्या माणसाने माझा हात धरला होता आणि कोपऱ्यात हात बांधून बसवलेला माझा नवरा मान खाली घालून बसला होता. धरणी फाटावी आणि मी गडप व्हावं असं झालं मला.

तेव्हा मी वीस-बावीस वर्षांची असेन. राज्य गोऱ्यांचं होतं. आमचा पाडा सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्यापासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर. आम्ही भिल्ल. घरात बोली आमची. ही तुमची भाषा तेव्हा मला नुसती कळायची; बोलायला मी पुढे ठाण्याच्या दारात उभी राहून राहून शिकले, तेव्हा तिच्यात गोडवा शोधू नका.

झालं होतं असं. खाली सपाटीवर पाटलाची कडब्याची गंजी जळाली. कुणी लावली, मला माहीत नाही. आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी शिपाई थेट आमच्या पाड्यावर आले आणि नवऱ्याला धरून घेऊन गेले. मधे किती गावं पडतात. एकाही गावात कुणाला विचारलं नाही. मी मागोमाग पायी गेले, म्हटलं, विचारावं तरी की आमच्याच दारात का.

तर उत्तर भिंतीवर होतं. फौजदार देशावरचा, नवा आलेला, हुशार म्हणून नावाजलेला. तालुक्याचा नकाशा त्याने कापडावर चिकटवून घेतला होता. जिथे आगीची वर्दी आली तिथे लाल ठिपका. खालची सपाटीची गावं पांढरी स्वच्छ. ब्राह्मणपुरी पांढरी, लोणखेडा पांढरं. वर डोंगराच्या कडेला मात्र ठिपकेच ठिपके, आणि आमच्या पाड्यावर तर ते एकमेकांवर चढलेले.

"जिथं लाल जास्त, तिथं आगलावे जास्त," तो मला सांगत होता, शाळेत मुलांना सांगावं तसं. "यात शोधायचं काय?"

पाटील म्हणाला, "या लोके आगच लावतस, साहेब."

मी बघत राहिले. अक्षर मला येत नव्हतं. पण आमची नदी मला ओळखू आली, तिचं वळण आलं, वळणावरचा आमचा पाडा आला. आणि ठिपके कशाचे तेही हळूहळू डोक्यात शिरलं.

मोहाची फुलं पहाटे गळतात. खाली वाळका पाला असला की फुलं त्यात हरवतात. म्हणून फाल्गुन-चैत्रात आम्ही बाया झाडाखालचा पाला पेटवतो, हिरव्या डहाळीने झोडपून विझवतो आणि जागा साफ करतो. माझ्या आजीने हेच केलं, तिच्या आजीनेही. जंगलाच्या शिपायाला मात्र तो गुन्हा, ठाण्यात वर्दी तोच देई. तो गुन्हाही कोंबडी दिली की नसायचा. शेजारचे पाडे कोंबडी देत, ते नकाशावर कोरे. आम्ही दोन वर्षांपासून द्यायची बंद केली होती. म्हणून आम्ही लाल.

म्हणजे तो नकाशा आगींचा नव्हताच. जंगलाचा शिपाई कुठे रागावला होता, त्याचा होता.

आणि मग मी त्यात आमचं घर शोधायला लागले.

त्याच सालच्या चैत्रात, पाटलाच्या गंजीच्या आधी, आमची झोपडी जळाली होती. आमच्या पुरुषांनी पाटलाच्या खळ्यावर फुकट राबायला नकार दिला, त्यानंतर चार दिवसांत. आम्ही सगळे मोहाखाली होतो. धूर मला दिसला होता. मी फुलं वेचत राहिले. चैत्रात धूर दिसला म्हणून आमच्यात कुणी पळत नाही, धूर तर चहूकडे असतो. पाटलाच्या माणसांना हे ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी ती वेळ धरली.

घरात सासू होती. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. तिलाही वास आला होता. संध्याकाळपर्यंत जीव होता तिच्यात. मला म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही पाला जाळताय. म्हणून मी बसून राहिले." एवढंच बोलली. कसं विसरू मी ते? आजही कुठे काही जळालं की वासाच्या आधी तिचाच आवाज कानात येतो, अगदी शांत, कुणाला दोष न देणारा. त्या आवाजाने मी भाजून निघते.

नदीच्या वळणावर, चिंचेच्या अलीकडे आमचं घर. नकाशावर त्या जागी काही नव्हतं.

मी पाटलाकडे बघून त्याच्याच बोलीत विचारलं, "आमनं घर जळनं, ते कोठे शे?"

पाटलाने तोंड फिरवलं. उत्तर फौजदाराने दिलं.

"झोपडी पेटते," तो म्हणाला. "तिला कुणी पेटवावं लागत नाही."

हे तो रागाने बोलला नाही. टिंगलही केली नाही. त्याला ते खरंच तसं वाटत होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. आमची आग लिहिली असती, तर निदान आमच्यावरच्या संशयाला सुडाचं कारण तरी सापडलं असतं. पण आमच्यावर संशय घ्यायलाही त्यांना आमचं दुःख लागत नव्हतं. ठिपके पुरत होते.

मग कागद पुढे आला. पाड्यावरचे पुरुष रात्री सपाटीवर उतरतात, आगी लावतात, असं त्यात लिहिल्याचं फौजदाराने वाचून दाखवलं.

पाटील गोड आवाजात म्हणाला, "अंगठा दे. तुन्हा नवरा आजच घर येई."

अंगठा ओलाच होता. नवऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगणार नाही. दे, असंच होतं. मी मूठ मिटली. शिपायाने बोटं उघडायला बघितली, मनगट पिरगळलं. मी मूठ दातात धरून खाली बसले. तोंडात शाईची चव आली, मग रक्ताची. अंगठा दिला नाही.

नवरा सुटला नाही. पाड्यावर हजेरी लागली. दिवस मावळला की सगळ्या पुरुषांनी चावडीत जायचं आणि तिथेच झोपायचं. रानडुकरांनी शेतं खाल्ली. बाया मला शिव्या घालत होत्या, की एका अंगठ्याने तुझं काय झिजलं असतं. नवरा पावसाळ्यानंतर परत आला आणि कित्येक दिवस माझ्या हातचं पाणी प्याला नाही. मला कुणी शाबासकी दिली असेल असं समजू नका.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. फौजदार बदलले. पाटील तोच.

परवा जात्रीची झोपडी जळाली. जात्री आमच्या पाड्यावरची विधवा, पाटलाने मागितलेला जमिनीचा तुकडा ती सोडत नव्हती. दुपार होती, मोहाचे दिवस होते. ह्या खेपेला धूर दिसला तशी मी टोपली फेकून पळाले. जात्री वाचली. आणि पळून जाणारा माणूस मी तोंडावरून ओळखला. पाटलाचा धाकटा मुलगा.

उद्या आम्ही ठाण्यात जाणार आहोत, ज्या मला शिव्या देत होत्या त्या सगळ्या बाया धरून. पाटील तिथे असणारच, त्याला बातमी लागली आहे. नवरा म्हणतो, पुन्हा हजेरी लागेल, घर जाईल. लागू दे. जाऊ दे. वर्दी लिहून घेत नाहीत तोवर आम्ही दारातून उठणार नाही, आणि त्या मुलाचं नाव मी त्याच्या बापासमोर घेणार आहे.