समास कापणारे सर

सर गेल्याचं मला द्वारका चौकातल्या सिग्नलला कळलं. कॉलेजच्या ग्रुपवर त्यांचा फोटो, ‘लोकशाहीचा अभ्यासक हरपला’, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. मी मोबाइल पर्समध्ये टाकला. रडू आलं नाही... आता तीन आठवडे झाले, तरी आलेलं नाही. पुरवणीच्या संपादकांनी चार चांगले शब्द मागितलेत. माझ्याकडे आहेत ते हे.

सरांचं नाव मोठं. गरीब-श्रीमंतांत एवढी दरी असताना मताला किती किंमत उरते, सरकारचे कामगार नियम खालपर्यंत पोचतात का, यावर त्यांचं जाडजूड पुस्तक आहे. त्यासाठी वणी रस्त्यावरच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधल्या बायकांचे फॉर्म मी भरले. तेव्हा मी त्यांची विद्यार्थिनी. पहिला फॉर्म माझ्या आईचा, कारण तीही तिथेच द्राक्षं निवडायला जायची. ‘तपासणीला सरकारी अधिकारी येतात का?’ पुढे तीन चौकोन: होय, नाही, माहीत नाही. आई म्हणाली, “येतो ना साहेब. पण तो यायचा त्या दिवशी आम्हाला घरी धाडतात. मंग आम्ही त्याला सांगावं कधी?” हे कुठल्या चौकोनात बसवू? मी चौकोन रिकामे ठेवले आणि समासात लिहिलं. पुढे बाईमागून बाई तेच सांगत गेली आणि मी समासात लिहीत गेले.

सरांना समासातल्या लिखाणाचा भारी राग. जे मोजता येत नाही तो सगळा गोंगाट, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या फॉर्मवर त्यांनी ‘माहीत नाही’पुढे खूण केली. बांधणीआधी गठ्ठ्याच्या कडा दांड्याच्या पेपर कटरने सारख्या करायची त्यांची पद्धत होती. गठ्ठा त्यांनी धरला. मी चाचरत म्हटलं, सर, कडेला लिहिलंय काहीतरी. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, “तुझ्या आईचं असेल. भावनेनं संशोधन होत नसतं. दाब.”

दांडा मी दाबला.

पुस्तकात छापून आलं, कामगार स्त्रिया नियमांबाबत उदासीन आहेत. सरांना शाली मिळाल्या. आईने विचारलं, मी सांगितलेलं आलं का गं? मी हो म्हणाले. तिने पुस्तक शोकेसमध्ये उभं करून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची. सरांचा संताप येतो... माझा त्याहून जास्त.

परवा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, घरी बोलावलं. आठवण म्हणून त्यांच्या खोलीतलं काहीही घे म्हणाल्या. टेबलावर तो कटर होता, दांडा तसाच वर केलेला. मी तो उचलला. काकूंचे डोळे भरून आले. त्यांना ती माझी सरांवरची माया वाटली असणार. मला फक्त तो दुसऱ्या कुणाच्या हाती पडायला नको होता.

घरी आईने विचारलं, हे काय आणलंस? मी एकदाचं सांगून टाकलं, सरांनी तुझं बोलणं याच्यानं कापलं, पुस्तकात ते कुठंच नाही. आईने कटर पुढ्यात ओढला, दांडा खाली-वर करून पाहिला.

“कागद धराया एक अन् हे दाबाया एक,” ती म्हणाली. “दुसरं कोण होतं?”

मी सांगितलं. पुस्तक अजून शोकेसमध्येच आहे. आता ती ते कुणाला दाखवत नाही.